कोरं अंग

"पाय आत घे गं, हेने! आणि तो मोठा लोड ओढ अंगावर. ढुंगण सगळं बाहेर दिसतंय."

युपाताई दारात उभी राहून फर्मावत होती आणि मी गुडघे पोटाशी घेऊन लोडांच्या ढिगात शिरत होते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. लोड माझेच, म्हणजे मीच शिवलेले. तिकोनी, जाडजूड, पार्टीला आलेली पोरं वाळूत ज्यांना टेकून पडतात ते. पावसाळ्यात बार बंद असतो, तेव्हा लोड, स्पीकर, दिव्यांच्या माळा असं सगळं या पत्र्याच्या कोठीत कोंबून ठेवतात. आत कुबट वास असा की डोक्यात जावा.

"ताई, तिकडे तुझी केत कळा देतेय आणि तू इथे माझ्या मागे काय लागलीयस? जा ना दवाखान्यात!"

"जाते गं. पहिलटकरीण आहे, दुपार करील ती. तिच्याजवळ तिचा नवरा आहे. तुझ्याजवळ कोण आहे?"

मी मोठा लोड अंगावर ओढला.

"खोकायचं नाही. शिंकायचं नाही. फोनचा आवाज बंद कर, नुसता थरथरू दे. मी बाहेरून कुलूप घालते. कुलूप दिसलं की ती माणसं पुढे जातात. किल्ली माझ्या कमरेला."

"आणि मला लघवीला लागली तर?"

"स्पीकरच्या मागे बादली ठेवलीय. राणीसाहेबांची सगळी सोय केलीय. डब्यात पेज आहे, सुका मासा आहे. गप पडून राहा."

दार ओढलं गेलं, कडी बसली, कुलूप खटकलं. तिच्या चपला वाळूत फरफटत लांब गेल्या.

'ती माणसं' म्हणजे परदेशी लोकांचे कागद तपासणारे साहेब. मुख्य भूमीवरून तीन दिवसांपूर्वी बोटीने या बेटावर आले, एका दिवसात काम उरकून जाणार होते. पण दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. दरवर्षी कार्तिकाच्या सुमारास इथे हेच होतं. आता अडकून पडलेला सरकारी माणूस काय करील? रिकामं बसवेना म्हणून ते खोपटी खोपटी धुंडाळत सुटले होते. काल उत्तरेच्या किनाऱ्यावर एक इटालियन परवान्याशिवाय केशकर्तन करताना सापडला. कात्री हातात, गिऱ्हाईक खुर्चीत, अर्धं डोकं भादरलेलं. तसाच उचलला त्याला.

मला मात्र उचलायला कात्री लागणार नाही. माझा व्हिसा संपून सहा वर्षं झालीत. पासपोर्टही संपलाय.

हे कसं झालं असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. चौतिसाव्या वर्षी हॉलंडहून मी इथे दोन आठवड्यांसाठी आले. तेव्हा या किनाऱ्यावर सहा बांबूची खोपटी होती आणि वीज संध्याकाळी तीन तास. पौर्णिमेला वीस-पंचवीस जणं शेकोटीभोवती नाचायची, आता वीस हजार नाचतात. मी त्यातलं एक खोपटं युपाताईकडून भाड्याने घेतलं आणि परत गेलेच नाही. वीस वर्षं नेमाने दर तीन महिन्यांनी सीमा ओलांडायची, शिक्का मारून घ्यायचा आणि संध्याकाळच्या बोटीने घरी यायचं. मग साथ आली, सीमा बंद झाल्या. सरकारने सगळ्यांना मुदत वाढवून दिली, ती मुदतही एक दिवस संपली. तोवर पासपोर्ट बाद झालेला. नवा काढायला राजधानीत जायला हवं, राजधानीत जायला बोटीवर पासपोर्ट दाखवायला हवा. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात दंड आणखी वाढलेला. मग बघवेनाच.

मी जन्माची भित्री आहे, हे सरळ सांगून टाकते. इंजेक्शनच्या सुईला भिते, कुत्र्याला भिते, खोल पाण्याला भिते. पण या सहा वर्षांतली भीती निराळी होती. ती सकाळी माझ्याआधी उठायची. दिवसाउजेडी स्कूटर बाहेर काढायची नाही, रस्त्यावर पोलीस उभे असतात. दाढ सडली तर लवंग दाबून बसायचं, दवाखान्यात कागद मागतात. शिवणकाम परदेशी माणसाला मना आहे, म्हणून मशीनखाली दोन गोधड्या घालायच्या, तरी रस्त्यावर गाडी थांबली की पायडल थांबवायचं. एकदा खाकी शर्टातला माणूस अंगणात आला तर मी न्हाणीत जाऊन बसले. तो विजेचं मीटर बघायला आलेला होता. आणि पार्टीला येणारी पोरं माझ्या गळ्यात पडून म्हणतात, "हेनी, किती नशीबवान आहेस गं, स्वर्गात राहतेस!"

सापडले तर परत पाठवणार आणि दहा वर्षं पाऊल ठेवायला बंदी. हॉलंडमध्ये माझं आता कोण आहे? आई गेली, तिचं घर विकलं गेलं, धाकट्या भावाशी बोलणं तुटून एक तप झालं. दहा वर्षांनी मी एकाहत्तर वर्षांची असेन. असलेच तर.

अकराच्या सुमाराला बूट आले. आधी पावसाच्या आवाजात मला कळलंच नाही. मग कुलूप कुणीतरी धरून हलवलं आणि सगळा पत्रा थरथरला.

"बंद आहे, साहेब," एक जाडसर आवाज.

"आत काय असतं?" दुसरा आवाज तरुण होता, शाळामास्तरासारखा स्वच्छ.

"बारचं सामान असणार. सीझन संपला की कोंबून ठेवतात."

मी लोड दातात धरला होता. खरंच धरला होता, कापडाची चव अजून तोंडात आहे. फटीतून मला बुटांचे दोन जोड दिसत होते, एक काळे आणि एक रबरी. ते वळले. मला वाटलं, सुटले. इतक्यात पावसाने असा जोर धरला की समोरचं काही दिसेना आणि दोघेही पळत कोठीच्याच ओसरीवर येऊन उभे राहिले. मग बसले. मग त्यांनी डबे उघडले. माझ्यापासून चार हातांवर बसून दोघं जण भात जेवत होते आणि जाडसर आवाजाचा माणूस मासळीच्या चटणीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरत होता.

माझ्या मांडीवर फोन थरथरला.

दवाखान्यातल्या रुदी नर्सचं नाव होतं. उचलला नाही तर ती पुन्हा करणार आणि पुन्हा तो थरथरणार. मी डोक्यावर लोड ओढला आणि फोन कानाला लावला.

"हेनीमावशी? कुठे आहात? लगेच या. केतला मुलगी झाली, बाळ छान आहे, पण केतचं रक्त थांबत नाहीये."

पुढे ती काय बोलणार हे मला ठाऊक होतं.

इथल्या लोकांत निगेटिव्ह रक्त हजारात तिघांचं. केत त्या तिघांतली. तिचा बाप नॉर्वेचा, इथे एका सीझनला ढोल वाजवायला आलेला आणि ही जन्मायच्या आधीच पसार झालेला. जाताना तो पोरीला घारे डोळे आणि हे रक्त देऊन गेला. डॉक्टर म्हणतात, असं रक्त आईकडूनही यावं लागतं, पण युपाताई सगळं खापर त्या ढोलक्यावर फोडते. आमच्यासारख्या युरोपातल्यांत मात्र सात जणांत एकाचं निगेटिव्ह असतंच. म्हणून रुदीने एक वही केलीय. बेटावर राहणाऱ्या निगेटिव्ह रक्ताच्या परदेशी लोकांची नावं आणि फोन. कुणाला गरज लागली की वहीतल्याला हाक. माझे कागद सरळ होते तेव्हा मी डोळे मिटून चारदा दिलंय. गेली सहा वर्षं नाव वहीत होतं, मी मात्र त्या रस्त्याला फिरकले नव्हते.

"फ्रीजमध्ये तिच्यासाठी एक पिशवी राखून ठेवली होती, ती लावली. संपत आलीय," रुदी भरभर बोलत होती. "बोटी बंद, हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडत नाही. तिला येत्या गुरुवारी पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं हो, पण पोरीने तीन आठवडे आधीच घाई केली. वहीतली सहा माणसं मायदेशी गेलीत. एकाने परवाच सगळी पाठ गोंदवून घेतलीय, एक जण नशेचं मशरूम खाऊन कालपासून माडाशी बोलतोय. तुम्हीच उरलात, मावशी."

बाहेर जाडसर आवाजाचा माणूस हसला. डबा ठेवल्याचा आवाज आला.

"मावशी? ऐकू येतंय ना?"

आणि मी म्हणाले, "मी पण टॅटू काढलाय."

हे माझ्याच तोंडून बाहेर आलं. आधी ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ. नुकतं गोंदवलेल्याचं रक्त घेत नाहीत, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी कुजबुजत होते, तरी प्रत्येक शब्द मला स्पीकरमधून आल्यासारखा मोठ्याने ऐकू आला.

"काय? जोरात बोला!"

"टॅटू. गेल्या आठवड्यात. नवा आहे."

"तुम्ही?" ती कुणाला तरी काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. "बरं. ठीक आहे. दुसरं कुणी आठवलं तर कळवा."

फोन बंद झाला. बाहेर कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. पाऊस पत्र्यावर धो धो पडत होता, मी सुरक्षित होते आणि मला ओकारी आली.

केत चार वर्षांची असताना शाळेतली पोरं तिला 'गोरी भुतीण' म्हणून पिटाळायची. ती रडत माझ्या खोपटात यायची आणि मशीनच्या खाली, माझ्या पायांशी जाऊन बसायची. म्हणायची, "मावशी, तू पण परकीच ना? मग आपण दोघी." मी तिला तिथे बसू द्यायचे आणि उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायचे. तिचा पहिला फ्रॉक मी शिवला, शाळेचा गणवेश मी शिवला, लग्नातला ब्लाउज मी शिवला. बाळासाठी मऊ सुती सहा झबल्यांचं कापड बेतून ठेवलं होतं.

ती मरतेय, आणि मी लोडाखाली पडून आहे. मी दाराशी गेले, फट चाचपली, खिळे चाचपले. कुलूप बाहेरून. किल्ली युपाताईच्या कमरेला आणि युपाताई दवाखान्यात. तिला फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला, नाही उचलला. रुदीला लावला तर लागेचना. मागचा पत्रा पायाने ढकलून पाहिला, तो हलला नाही. उलट अंगठा सोलवटला. अर्ध्या तासाच्या आत दार उघडू शकतील अशी साऱ्या किनाऱ्यावर दोनच माणसं होती आणि ती ओसरीवर डबे धूत होती.

मी दाराजवळ उभी राहिले. हात वर केला आणि खाली घेतला. पुन्हा वर केला. किती वेळा ते मोजलं नाही. 'चला निघू, पाऊस कमी झाला' असं जाडसर आवाज म्हणाला, बूट पायरी उतरले, आणि मग मी दोन्ही मुठींनी पत्रा बडवायला लागले.

"दार उघडा! अहो, मी आत आहे! दार उघडा!"

बूट पायरीखालीच थांबले.

"कोण आहे?" तरुण आवाज.

"तुम्ही मलाच शोधताय! कुलूप तोडा, बाकीचं मागाहून!"

कुलूप तोडायला त्यांनी माडाखालचा दगड आणला. सहा-सात घाव लागले. दार उघडलं तेव्हा उजेडाने माझे डोळे दिपले. समोर रेनकोट घातलेला, चष्म्यावर पाण्याचे थेंब असलेला तिशीतला मुलगा. त्याच्या मागे पोट सुटलेला हवालदार, हातात दगड तसाच.

"पासपोर्ट," मुलगा म्हणाला. सवयीने म्हणाला असणार, कारण लगेच त्याने विचारलं, "कुणी कोंडलं तुम्हाला?"

"पासपोर्ट संपलाय. व्हिसाही संपलाय, सहा वर्षं झाली. पळून जात नाही मी, धावताही येत नाही मला. पण आधी दवाखान्यात न्या. बाळंतीण मरतेय आणि तिला माझं रक्त लागतंय."

हवालदार म्हणाला, "साहेब, ही बाई नाटक करतेय. काल तो इटालियनही चक्कर आली म्हणून पडला होता."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांत कापूस होता, अंगठ्यातून रक्त येत होतं.

"नाटक करायला ही स्वतःहून दार कशाला बडवील?" तो म्हणाला. "चला मावशी, गाडीत बसा."

सहा वर्षांनी मी दिवसाउजेडी बेटाच्या मुख्य रस्त्यावरून जात होते, आणि तेही त्यांच्या गाडीत. कुणी चहावाला, कुणी फळवाली मान वळवून बघत होती. आता कुणाला घाबरायचं राहिलं नव्हतं, तरी भीती काही जाईना. आता ती घड्याळाची होती. चढावर चिखलात चाक रुतलं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं ते आठवत नाही.

रुदी नर्स बाळंतिणींच्या खोलीबाहेरच भेटली. तिच्या एप्रनवर डाग होते.

"रुदी, घे. लवकर घे रक्त."

तिने माझ्याकडे पाहिलं, मागच्या साहेबांकडे पाहिलं. तिला काहीतरी कळलं, पण ती हलली नाही.

"मावशी, तुम्ही टॅटू काढलाय."

"नाही काढला. खोटं बोलले."

"खोटं मघाशी बोललात की आता बोलताय?" ती चिडून नव्हती बोलत, रडकुंडीला आली होती. "नवी जखम असेल, सुई घाण असेल, तर तिच्या अंगात काय जाईल माहीत आहे? ती बाळंतीण आहे, तिच्यात काही उरलेलं नाही. तुमची माया मला कळते हो, पण तुमच्या शब्दावर मी आता कशी घेऊ?"

मला राग यायला हवा होता, पण राग करायला तोंड कुठे होतं?

"मग बघ," मी म्हणाले.

पडद्याआड जाऊन मी ब्लाउजची बटणं काढली. घाईत एक बटण तुटून घरंगळत खाटेखाली गेलं. लुंगी सोडली. सगळं सोडलं. एकसष्ट वर्षांचं अंग, उन्हाने डागळलेलं, पोटावर सुरकुत्या, गुडघ्यांना गाठी. पडदा तोकडा होता. चष्मेवाला साहेब पाठ करून दाराकडे तोंड वळवून उभा राहिला आणि त्याने हवालदाराचाही खांदा धरून त्याला वळवलं.

रुदीने बॅटरी घेतली. पाठ बघितली, काखा बघितल्या, मांड्यांच्या आतली बाजू बघितली. इथे पोरं कुठेही गोंदवतात. तिने कानामागे पाहिलं, केस उचलून मान पाहिली, तळपाय पाहिले, खालचा ओठ उलटा करून पाहिला. मी उभी होते. ज्या बेटावर आज्याही खांद्यावर कमळं मिरवतात तिथे सत्तावीस वर्षं राहून माझ्या अंगावर एक ठिपका नव्हता. सुईची भीती वाटते म्हणून.

"कोरं आहे," रुदी म्हणाली आणि बॅटरी विझवून तिने मला कवळलं. मग लगेच सोडलं. "झोपा इथे. बाह्या नाहीतच, बरंच झालं."

अर्जावर ओळखीचा रकाना होता. चालू पासपोर्ट नाही म्हटल्यावर कारकून अडून बसला. चष्मेवाल्याने त्याच्या हातातून पेन घेतलं.

"यांची ओळख मी पटवतो. या कोण आहेत ते आता माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

सुई शिरताना मी डोळे मिटले. नेहमीसारखेच.

पिशवी भरली, तपासून आत गेली. लुंगी नेसून, अंगावर चादर घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले, तिथे मला लाल सरबत दिलं. ते चष्मेवाल्यानेच आणून दिलं आणि तो म्हणाला, "कापूस दाबून धरा. दहा मिनिटं बसा. मग निघू."

"केतचं कळेपर्यंत बसते."

त्याने घड्याळ पाहिलं. हवालदाराने घसा खाकरला. मग चष्मेवाला माझ्याच बाकावर, थोडं अंतर सोडून, येऊन बसला. तासभर आम्ही तिघं तसेच बसून होतो. मी त्या दाराकडे बघत होते. ते उघडायचं, एखादी नर्स बाहेर यायची, आणि प्रत्येक वेळी मी बाकावरून अर्धी उठायचे.

तीन वाजून गेल्यावर युपाताई बाहेर आली. तिचे केस सुटले होते, एका पायात चप्पल नव्हती. ती आमच्यासमोर उभी राहिली.

"थांबलं," ती म्हणाली. "डोळे उघडलेत तिने. पाणी मागितलं."

मग तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला.

"तू बाहेर कशी आलीस गं?"

"यांनी काढली. मीच हाक मारली."

ती मटकन माझ्या शेजारी बसली. माझ्या उघड्या दंडावर चादर सरकवली.

"रुदीने फोन केला तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "ती म्हणाली, हेनीने टॅटू काढलाय."

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"सत्तावीस वर्षं एका नळावर आंघोळ करतो आपण. तुझ्या पाठीवर तीळ किती तेही मी सांगीन."

"मग तिला बोलली का नाहीस, ताई? खोटं बोलतेय म्हणून सांगायचं. मला फरफटत आणायला लावायचं."

"कुलूप मीच घातलेलं ना? मला वाटलं, घाबरलीय. घाबरलेल्या माणसाला ओढून आणून त्याच्या अंगातलं रक्त काढायचं? ते कसं मागायचं गं? तू दिलंस तर घ्यायचं. नाहीतर नाही."

"आणि केत गेली असती तर?"

युपाताईने बाहीने तोंड पुसलं.

"तर गेली असती. मी तुला काही बोलले नसते. रोज जेवण आणून दिलं असतं. मरेपर्यंत बोलले नसते."

तिने हे रागाने म्हटलं नाही. साधं, नेहमीच्या आवाजात म्हटलं. सहा वर्षं मी बुटांना, खाकी रंगाला, गाडी थांबल्याच्या आवाजाला भ्यायले, आणि खरं भ्यायला हवं होतं ते या बाईने रोज न बोलता समोर ठेवलं असतं त्या ताटाला. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गळा काढून रडले. हवालदार उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचे चार दिवस मी चौकीच्या मागच्या खोलीत होते. दारावर पहारा नव्हता. कुठे जाणार होते? चष्मेवाल्याने कागद भरले. स्वतःहून हजर झाले असं लिहिता येईल का, हे त्याने वरच्या साहेबांना फोनवर दोनदा विचारलं. फोन ठेवून तो म्हणाला, "लिहिलं. पण सहा वर्षं फार झाली, मावशी. त्यातही दहा वर्षंच बंदी आहे." त्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या कानांवरून दिसत होतं. कान लाल व्हायचे त्याचे. परदेशी भाडेकरू ठेवल्याचं चौकीत कळवलं नाही म्हणून युपाताईलाही त्याने दंड लावला, आणि तिने तो लावू दिला. उलट त्यालाच घरी जेवायला बोलावलं.

केतचा नवरा रोज डबा घेऊन यायचा. बाळाचा फोटो दाखवायचा. बाळ काळंसावळं, नकटं, हुबेहूब आजीवर. मी न शिवलेल्या झबल्यांच्या कापडाचं काय करायचं ते त्याला नीट समजावून सांगितलं. कुठे दुमडायचं, कुठे शिवण बाहेर ठेवायची म्हणजे टोचणार नाही. तो 'हो, हो' म्हणायचा. त्याला काही कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी समुद्र उतरला. सकाळी आठची बोट होती. धक्क्यावर मी, चष्मेवाला, हवालदार आणि तो अर्धं डोकं भादरणारा इटालियन. मी वाट बघत होते. सव्वासातला फोन आला.

"हेने, मी येत नाही गं," युपाताईचा आवाज बसलेला होता. "काल संध्याकाळी केतला घरी आणली. डॉक्टर नको म्हणतात, पण अंगात रक्त नाही पोरीच्या, हातपाय गार पडतात. विस्तवापाशी निजवलीय. बाळंतिणीचा विस्तव अकरा दिवस विझू द्यायचा नाही, आणि तो आईनेच राखायचा. मी उठले तर कोण बघणार?"

"नको येऊस. कुठे जाऊ नकोस. लाकडं सुकी आहेत ना?"

"ओली आहेत मेली. डोळे चुरचुरतायत."

"माझ्या खोपटातली मशीनची फळी फोड. चांगली सुकी आहे ती."

ती म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला.

बोट सुटली. आत बसायला जागा होती तरी मी कठड्याला धरून उभी राहिले. बारीक पाऊस होता. बोट खडकाच्या टोकाला वळसा घालून आमच्या किनाऱ्यासमोर आली. माडांच्या राईत घर दिसत नाही, समुद्रावरून कधीच दिसत नाही. पण शेंड्यांच्या वर धूर होता. पावसाने खाली दाबलेला, पांढरा, सरळ न जाता माडांतच घोटाळणारा.

"मावशी, आत या. भिजाल," चष्मेवाला मागून म्हणाला.

"येते. तुम्ही बसा."

मी बघत राहिले. मघाशी तो धूर दाट होता, ओल्या लाकडाचा असतो तसा. आता बारीक आणि निळसर झाला. म्हणजे सुकं लाकूड पडलं होतं आणि विस्तवाने नीट धरलं होतं.